कोल्ड स्टोरेजमधला अमोनिया: 25 पीपीएम म्हणजे किती, मोजायचं कसं आणि कुठल्या आकड्याला बाहेर पडायचं

जानेवारी लागला की पिंपळगाव, निफाड, ओझर, दिंडोरी या पट्ट्यातल्या कोल्ड स्टोरेजवाल्यांना झोप नसते. सकाळी तोडलेली द्राक्षं पॅकहाऊसमधून दुपारनंतर प्री-कूलिंगला यायला लागतात, रात्रभरात मण्याचं तापमान खाली आणायचं असतं, चेंबर शून्याच्या आसपास धरायचा असतो, त्यामुळे कॉम्प्रेसर चोवीस तास चालू आणि ऑपरेटरची शिफ्ट आठाची बारा तास कधी होते ते त्यालाही कळत नाही. मी बरीच वर्षं अमोनिया प्लँटवर, म्हणजे चेंबर थंड करायला पाइपांतून अमोनिया गॅस फिरवतात तिथं, काम केलंय आणि दर सीझनला नवीन आलेलं पोरगं पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारतं, "भाऊ, वास येतोय, एवढा चालतो का?" आणि त्याला नव्वद टक्के ठिकाणी उत्तर मिळतं, "चालतो रे, सवय होते."

हे उत्तर चुकीचं आहे. सवय नाकाला होते, फुप्फुसाला आणि डोळ्याला होत नाही. किती चालतो याला ठरलेला आकडा आहे, तो मोजता येतो, त्याचा हिशोब दहावी पास पोराला पंधरा मिनिटात शिकवता येतो, तरी आपल्याकडे तो सेफ्टीच्या बोर्डावर लिहून ठेवतात आणि कोणी समजावून सांगत नाही. म्हणून जमेल तेवढं सविस्तर लिहितोय, ऑपरेटर, सुपरवायझर आणि छोट्या कोल्ड स्टोरेजचे मालक तिघांसाठी. बर्फाचा कारखाना आणि दूध चिलिंग प्लँटवाल्यांनाही हेच लागू आहे कारण गॅस तोच.

आधी पीपीएम डोक्यात बसवा

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. हे पुस्तकी वाटतं म्हणून मी पोरांना द्राक्षातच सांगतो. एक मणी चार ग्रॅमचा धरा, दहा लाख मणी म्हणजे चार टन माल, वीस किलोचे 200 क्रेट. त्या 200 क्रेटमध्ये 25 मणी, म्हणजे शंभर ग्रॅमचा एक छोटा झुपका, एवढाच जर वेगळ्या जातीचा मिसळला तर ते झालं 25 पीपीएम. हवेतही असंच, दहा लाख कणांत 25 कण अमोनियाचे.

आता उलट बाजूनं बघा, कारण खरी भीती इथं कळते. समजा तुमची कॉम्प्रेसर रूम 10 मीटर लांब, 8 रुंद आणि 5 उंच, म्हणजे 400 घनमीटर हवा. अमोनियाचं 25 पीपीएम म्हणजे एका घनमीटरला साधारण साडेसतरा मिलिग्रॅम (पीपीएमला 17 नं गुणायचं आणि 24.45 नं भागायचं, 25 डिग्रीला हा हिशोब बसतो). 400 घनमीटरला झाले सात ग्रॅम. लिक्विड अमोनियाचे सात ग्रॅम म्हणजे बारा मिली, दोन-अडीच चमचे. दार बंद, फॅन बंद, आणि ग्लँडमधून (फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलमधून) दोन-अडीच चमचे लिक्विड निघालं की अख्ख्या रूमची हवा दिवसभराच्या मर्यादेला पोचली. आणि 300 पीपीएम, जिथं विना मास्क थांबणं जिवावरचं मानतात, त्याला किती लागतं? 84 ग्रॅम, म्हणजे 140 मिली. एक फुल कप चहा. तुमच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे लिक्विड अमोनियाच्या टाकीत, किती किलो गॅस भरलाय ते आठवा आणि मग हा कप डोळ्यासमोर आणा.

आकड्याबरोबर वेळ असतोच

लोक इथंच चुकतात. "लिमिट 25 आहे" हे अर्धंच वाक्य आहे. लिमिट म्हणजे आकडा अधिक वेळ, नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 साली फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती झाली, कलम 41-एफ आलं आणि त्याच्या जोडीला दुसरी अनुसूची आली, ज्यात कामाच्या जागेच्या हवेत कुठलं केमिकल किती चालेल त्याचं कोष्टक दिलं. भोपाळचा जो गॅस होता, मिथाइल आयसोसायनेट, त्याची मर्यादा त्यात 0.02 पीपीएम आहे, म्हणजे अमोनियाच्या साडेबाराशेव्या हिश्श्याएवढी. अमोनियाला दोन आकडे दिलेत. पहिला 25 पीपीएम, हा आठ तासांच्या शिफ्टची सरासरी. दुसरा 35 पीपीएम, हा पंधरा मिनिटांची सरासरी, आणि तोही दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही, दोन वेळांमध्ये कमीत कमी एक तासाचं अंतर पाहिजे. पहिल्याला टीडब्ल्यूए म्हणतात, दुसऱ्याला स्टेल. पुढे कायद्यांची नावं, कलमं बदलत राहतील, पण अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी निऑश ही संस्था पण हेच 25 आणि 35 सांगते, आणि युरोपात तर आठ तासांना 20 च आहे. तिथं पंधरा मिनिटांचा आकडा मात्र 50 आहे, त्यामुळे बाहेरच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिसला तर गोंधळून जाऊ नका, आपल्या बोर्डावर 25 आणि 35 च लिहा.

तिसरा आकडा 300, ज्याला आयडीएलएच म्हणतात. ही काम करायची मर्यादा नाही हे नीट लक्षात घ्या. मास्क फेल झाला तर माणूस डोळे न जाता आणि जीव न जाता बाहेर पडू शकेल, एवढ्यापुरता काढलेला तो आकडा आहे. मी एका ठिकाणी सुपरवायझरला म्हणताना ऐकलंय की 300 पर्यंत परवानगी आहे. त्या माणसाला वाईट हेतू नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं, पण असल्या गैरसमजानं माणूस मरू शकतो.

आणखी एक, ही सगळी लिमिट धडधाकट कामगारासाठी धरलेली आहेत. दम्याचा त्रास असलेला, गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसं यांच्यासाठी नाहीत. आपल्याकडे पॅकिंगला येणाऱ्या बायका बरोबर पोरं आणतात, प्लँटच्या कंपाउंडला लागून मजुरांच्या खोल्या असतात. बाहेरच्या लोकांसाठी अमेरिकेत वेगळे आकडे काढलेत, एक तासासाठी 30 पीपीएमला त्रास सुरू होतो, 160 ला कायमचं नुकसान किंवा पळता न येणं, 1100 ला जीव धोक्यात. म्हणून तुमच्या इंजिन रूमचा, म्हणजे कॉम्प्रेसर रूमचा, एग्झॉस्ट फॅन कुणाच्या खिडकीकडे तोंड करून आहे ते आजच बाहेर जाऊन बघा.

नाकावर का विसंबायचं नाही

अमोनियाचा वास साधारण 5 पीपीएमलाच येतो, काहींना त्याच्याही आधी. म्हणून लोकांना वाटतं हा गॅस चांगला, आधीच सांगतो. नवीन माणसाला सांगतोही. पण रोज त्याच हवेत बसणाऱ्याचं नाक पंधरा-वीस मिनिटांत मंद होतं आणि काही महिन्यांत त्याला 20-30 पीपीएमला सुद्धा "थोडासा येतोय" एवढंच वाटतं. म्हणून प्लँटवर माझा एक साधा नियम असायचा, बाहेरून आलेला माणूस, मग तो ट्रकचा ड्रायव्हर असो की चहावाला पोरगा, दारातच नाकाला हात लावून थांबला तर त्याला हसायचं नाही, लगेच मीटर काढायचा. त्याचं नाक ताजं आहे, आपलं गेलेलं आहे.

ढोबळ अंदाजासाठी लक्षात ठेवा, 50 च्या वर बहुतेकांचे डोळे चुरचुरायला लागतात, 400 ते 700 ला डोळे-घसा लगेच पेटतो आणि थांबवत नाही, 1700 च्या आसपास खोकल्याची उबळ येऊन श्वास अडकतो, आणि अडीच हजारच्या पुढे अर्ध्या तासात माणूस जाऊ शकतो. डोळ्यातून पाणी यायला लागलं म्हणजे तुम्ही आधीच लिमिटच्या पुढे गेलेले आहात, "अजून सहन होतंय" हे मोजमाप नाही.

मीटर: घेताना आणि वापरताना

खिशाला अडकवायचा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरवाला मीटर कमीत कमी दोन ठेवा, एक चालू शिफ्टवाल्याकडे, एक राखीव. अलार्म पहिला 25 ला आणि दुसरा 35 ला सेट करा. भिंतीवरचे फिक्स डिटेक्टर वेगळे, ते कॉम्प्रेसर आणि पंपाच्या वर, छताच्या बाजूला लावतात कारण अमोनिया हवेपेक्षा हलका आहे, पण एक तरी डिटेक्टर माणसाच्या नाकाच्या उंचीला पाहिजे. छताला किती गॅस आहे त्यापेक्षा माणूस काय ओढतोय ते महत्त्वाचं. खिशाचा मीटरही कमरेच्या पट्ट्याला नाही, कॉलरपाशी लावायचा, नाका-तोंडापासून वीतभर अंतरात.

आता मला जे सांगायचंच आहे ते. एका सीझनला मी ज्या प्लँटवर होतो तिथं रोज रात्रीची नोंद 6 किंवा 7 पीपीएम असायची, रजिस्टर एकदम स्वच्छ, पण दोन पोरं सारखी खोकत होती आणि एकाचे डोळे सकाळी लाल असायचे. आम्ही थंडीवर ढकललं, निफाडची थंडी तुम्हाला माहितीच आहे. मार्चमध्ये नवीन मीटर आला, आणणाऱ्या माणसानं तो गेटपाशी चालू केला, झिरो केला आणि आत घेऊन आला, तर स्क्रीनवर 24. जुना मीटर शेजारी धरला, तो दाखवतोय 7. मग विचारल्यावर कळलं, रात्रीचा ऑपरेटर ड्युटीवर आला की इंजिन रूममध्ये खुर्चीवर बसूनच मीटर चालू करायचा आणि झिरोचं बटण दाबायचा. म्हणजे हवेत आधीच असलेले 17 पीपीएम मीटर शून्य समजत होता. पूर्ण सीझन आम्ही 24 ला 7 लिहिलं. त्या पोराची चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायची जबाबदारी माझी होती.

म्हणून झिरो नेहमी बाहेर, मोकळ्या हवेत, प्लँटच्या वाऱ्याच्या उलट बाजूला. डिझेलच्या जनरेटरजवळ नाही, टॉयलेटजवळ नाही, शेणखताच्या ढिगाजवळ तर अजिबात नाही, तिथंही अमोनियाच असतो. मीटर चालू करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग झिरो, मग आत.

दुसरं, बंप टेस्ट. मीटर चालू होतो, आकडा शून्य दाखवतो, म्हणून तो चांगला आहे असं नाही, मेलेला सेन्सरही शून्यच दाखवतो. माहितीच्या पीपीएमचा छोटा गॅस सिलिंडर मिळतो, रोज शिफ्टच्या आधी मीटरवर थोडा सोडायचा, अलार्म वाजला की तो मीटर कामाला घ्यायचा, नाही वाजला तर बाजूला. अमोनियाचे सेन्सर गॅस खाऊन खाऊन संपतात, मोठ्या गळतीत एकदा सापडला तर तो सेन्सर नंतर तपासल्याशिवाय वापरू नका. साधारण दोन वर्षं आयुष्य धरा, कॅलिब्रेशन कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे. शून्य डिग्रीच्या चेंबरमधून एकदम बाहेरच्या उन्हात मीटर आणला की सेन्सरवर दव धरतं आणि आकडा काहीही नाचतो, तेव्हा पाच मिनिटं थांबून मग वाचायचा.

मीटर घ्यायला पैसे नाहीत असं छोटे मालक म्हणतात. त्यांच्यासाठी हातपंप आणि काचेची डिटेक्टर ट्यूब आहे, ही खरंच चांगली वस्तू आहे आणि मीटरवर शंका आली की खातरजमा करायलाही हीच वापरतात. ट्यूबची दोन्ही टोकं तोडायची, बाण पंपाकडे करून बसवायची, पुस्तिकेत लिहिलेत तेवढे स्ट्रोक मारायचे, प्रत्येक स्ट्रोकला पंप पूर्ण उघडेपर्यंत थांबायचं, आणि रंग जिथपर्यंत बदललाय तिथला आकडा वाचायचा. एक्स्पायरी डेट बघा. ट्यूब त्या क्षणाचा आकडा देते, दिवसभराचा नाही, हे विसरू नका.

गंधकाची काडी पेटवून पांढरा धूर बघणं, किंवा ओला लिटमस लाल कागद निळा होतो का बघणं, हे गळती नेमकी कुठल्या जॉइंटला आहे ते शोधायला ठीक. त्यातून पीपीएम कळत नाही. आणि गंधकाचा धूर स्वतःच घसा धरतो, त्यामुळे कागद बरा.

शिफ्टचा हिशोब

समजा मीटर चांगला आहे आणि आकडे मिळाले. आता एका माणसाच्या आठ तासांचा हिशोब करू. पाच तास कंट्रोल रूममध्ये, तिथं 4 पीपीएम. दोन तास इंजिन रूममध्ये, 18 पीपीएम. अर्धा तास पंपाच्या ग्लँडचं काम, 30 पीपीएम. अर्धा तास जेवण बाहेर, शून्य. प्रत्येक जागेचे तास आणि पीपीएम गुणायचे, 20 अधिक 36 अधिक 15, बेरीज 71, भागिले 8, उत्तर जवळपास 9. म्हणजे 25 च्या खूप खाली, आणि ग्लँडच्या कामातही 35 ओलांडलं नाही. हा दिवस ठीक गेला.

आता दुसरा माणूस घ्या. हा दिवसभर 5 पीपीएममध्ये होता, फक्त पंधरा मिनिटं त्यानं ऑइल ड्रेन केलं (सिस्टिममध्ये साठलेलं कॉम्प्रेसरचं तेल बाहेर काढलं) आणि तेव्हा मीटर 60 दाखवत होता. हिशोब करा, पाव तास गुणिले 60 म्हणजे 15, पावणेआठ तास गुणिले 5 म्हणजे 38.75, बेरीज 53.75, भागिले 8, उत्तर 6.7. पहिल्यापेक्षाही कमी! पण याची पंधरा मिनिटांची सरासरी 60 आहे, मर्यादा 35, म्हणजे जवळजवळ दुप्पट. दिवसाची सरासरी चांगली दिसते म्हणून हा प्रसंग रजिस्टरमध्ये लपून जातो. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे बघायचे, एक चांगला आला म्हणून दुसरा सोडायचा नाही.

ऑइल ड्रेन हे आपल्याकडचं सगळ्यात धोक्याचं रोजचं काम आहे असं माझं स्पष्ट मत आहे, गळतीपेक्षाही, कारण गळतीला माणूस घाबरतो आणि ड्रेनला घाबरत नाही. तेलात विरघळलेला अमोनिया तेलाबरोबर बादलीत येतो आणि तिथं उकळायला लागतो. एकट्यानं करायचं नाही, हात सोडला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व लावून घ्यायचा, व्हॉल्व उघडा ठेवून चहाला जायचं नाही, फुल फेस मास्क आणि रबरी हातमोजे घालूनच, आणि फॅन आधी चालू.

आणि बारा तासांच्या शिफ्टचं काय? 25 हा आठ तासांचा आकडा आहे, त्यानंतर सोळा तास शरीराला मोकळी हवा मिळणार असं त्यात धरलेलं आहे. बारा तास काम म्हणजे डोस दीडपट आणि आराम बाराच तास. यासाठी एक जुना सोपा हिशोब आहे, आठ भागिले शिफ्टचे तास, गुणिले उरलेले तास भागिले सोळा. बाराला टाकून बघा, 8 भागिले 12 म्हणजे 0.67, 12 भागिले 16 म्हणजे 0.75, गुणाकार अर्धा. म्हणजे 25 चा साडेबारा. काही तज्ज्ञ म्हणतात की नुसतं चुरचुरणाऱ्या गॅसला एवढी कपात करायची गरज नाही, ते खरं असेलही, पण सीझनमध्ये दोन-दोन महिने रोज बारा तास बसणाऱ्या पोरांसाठी मी साडेबाराच धरतो. पंधरा मिनिटांचा 35 मात्र तसाच, तो वाढवायचा पण नाही आणि चारच्या पाच वेळा पण करायच्या नाहीत.

आकडा जास्त आला तर काय करायचं

मास्क देऊन मोकळं व्हायचं, हे बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं आणि ते शेवटचं असायला पाहिजे. आधी गॅस कुठून येतोय ते बंद करा. पंपाचं सील, व्हॉल्वच्या दांड्याचं पॅकिंग, फ्लँजचं गॅस्केट, गेजचा जॉइंट, सेफ्टी व्हॉल्वचा ड्रिप, बहुतेक वेळा यातलंच काहीतरी असतं आणि दोन-तीनशे रुपयांच्या पॅकिंगसाठी महिनाभर सगळे गॅस ओढत असतात. मग हवा बघा. थंडी वाजते म्हणून रात्री एग्झॉस्ट बंद करून, पोतं लावून खिडकी बुजवलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिलीय. ऑपरेटरला थंडी वाजते ही खरी अडचण आहे, त्यासाठी त्याला वेगळी, बंद, हीटर असलेली केबिन द्या, फॅन बंद करायला लावू नका.

त्यानंतर मास्क. कापड, सर्जिकल मास्क, एन-95, यांनी धूळ अडते, गॅस अडत नाही. अमोनियाला हिरव्या पट्ट्याचा के फिल्टर लागतो, तपकिरी पट्टा थिनर-सॉल्व्हंटचा, पिवळा सल्फर डायऑक्साइडचा, तो घालून अमोनियात गेलात तर मास्क असून नसल्यासारखा. फुल फेसच घ्या, कारण अमोनिया डोळ्यावर आधी जातो. दाढी असेल तर सील बसत नाही, हे ऐकायला कोणाला आवडत नाही पण तसंच आहे. मास्क घालून दोन्ही तळहातांनी फिल्टर झाकायचा आणि श्वास ओढायचा, मास्क चेहऱ्याला चिकटला आणि चिकटलेला राहिला तर सील बरोबर. फिल्टरचं पाकीट ज्या दिवशी फोडलं ती तारीख त्याच्यावर मार्करनं लिहा, सहा महिन्यांनी तो टाकून द्यायचा, वापरला नसला तरी. मास्कमधून वास आला की फिल्टर संपला, लगेच बाहेर.

आणि हा फिल्टर मास्क 300 च्या खालीच चालतो. 300 च्या वर, किंवा आकडा माहितीच नाही, किंवा पांढरा धुकट गॅस दिसतोय, अशा वेळी पाठीवर सिलिंडर असलेला ब्रीदिंग सेटच लागतो आणि तोही वापरायचं ट्रेनिंग झालेल्या दोन माणसांना, बाहेर तिसरा उभा असताना. तुमच्याकडे सेट नसेल तर तुमचं काम आत जाणं नाहीच, बाहेर पडणं आणि फायर ब्रिगेडला 101 किंवा 112 ला फोन करणं एवढंच आहे. आत पडलेल्याला काढायला गेलेला दुसरा माणूस पडतो, हे इतक्या वेळा झालंय की हे वाक्य मी पोरांकडून पाठ करून घेतो.

मोठी गळती

बाहेर पडायची दिशा वाऱ्यावर ठरते. छतावर एक साधा कापडी विंडसॉक लावा, रात्री दिसेल असा लाइट टाका. वाऱ्याच्या आडवं चालत गॅसच्या पट्ट्यातून निघायचं आणि मग वारा येतोय त्या बाजूला जायचं. अमोनिया हलका असतो म्हणून वर जाईल असं गृहीत धरू नका. लिक्विड उणे 33 डिग्रीला उकळतं, एका लिटरचा साडेआठशे लिटर गॅस होतो, तो बाहेर पडताना इतका थंड असतो की हवेतलं बाष्प धरून जड होतो आणि जमिनीलगत सरकतो. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे वारा पडलेला, धुकं बागांवर बसलेलं, तेव्हा हा ढग वर न जाता नाल्यात, खोलगट शेतात, मजुरांच्या खोल्यांकडे सरकतो आणि धुक्यात वेगळा दिसतही नाही.

पाण्यात अमोनिया भराभर विरघळतो, म्हणून गॅसच्या ढगावर पाण्याचा फवारा मारतात. पण जमिनीवर साठलेल्या लिक्विडवर पाणी कधीच टाकायचं नाही, पाणी त्याला उष्णता देतं आणि ते एकदम जास्त उकळतं. बाहेर पडताना जवळ काहीच नसेल तर टॉवेल किंवा गमछा ओला करून नाकातोंडावर धरा, थोडा गॅस त्यात अडकतो, पळायला पुरेल एवढंच. ओला गमछा बांधून आत जाणं म्हणजे जाणूनबुजून मरायला जाणं.

डोळ्यात गेला तर पहिले दहा सेकंद महत्त्वाचे. अमोनिया अल्कली आहे, तो डोळ्याच्या आत आत जात राहतो, म्हणून पापण्या बोटांनी उघड्या धरून साधं पाणी, कमीत कमी पंधरा मिनिटं, शक्यतो अर्धा तास, आणि मगच दवाखाना. आधी गाडीत घालून पळवू नका. लिंबू, व्हिनेगर, दूध काही नाही, कांदाही नाकाला लावायचा नाही. कपडे अंगाला गोठून चिकटले असतील तर ओढू नका, आधी पाणी ओतून सैल होऊ द्या. आयवॉश आणि शॉवरचं पाणी दर सोमवारी स्वतः हात लावून बघा, एप्रिलमध्ये गच्चीवरून आलेल्या पाइपचं पाणी पहिले दोन मिनिटं चटका बसेल एवढं तापलेलं असतं, पाइप सावलीतून घ्या किंवा त्यावर पोतं गुंडाळा.

श्वासातून जास्त गेलेल्या माणसाला मोकळ्या हवेत बसवा, बसवा म्हणजे बसवाच, आडवं केलं की श्वास जास्त लागतो. तो तासाभरात बरा वाटतोय म्हणाला तरी 108 बोलवून दवाखान्यात न्यायचंच, कारण फुप्फुसात पाणी व्हायला काही तास लागतात आणि रात्री घरी झोपल्यावर त्रास सुरू होतो. डॉक्टरला "गॅस लागला" एवढं सांगू नका, अमोनिया, अंदाजे किती पीपीएम, किती मिनिटं, असं सांगा किंवा चिठ्ठीवर लिहून द्या.

रजिस्टर

तारीख, वेळ, जागा, मीटरचा नंबर, झिरो बाहेर केला का, बंप टेस्ट झाली का, आकडा, फॅन चालू की बंद, आणि शेवटी सही. एवढे रकाने पुरतात. शिफ्टला तीनदा ठरलेल्या जागांवर आणि प्रत्येक ऑइल ड्रेन, पर्जिंग (सिस्टिममध्ये शिरलेली हवा बाहेर सोडणं), गॅस चार्जिंगच्या वेळी वेगळी नोंद. खोकला, डोळे लाल, घसा धरला असं कोणी सांगितलं तर ते पण त्याच रजिस्टरमध्ये त्याच तारखेला लिहा, वेगळ्या वहीत नाही. आमच्या त्या सीझनला आकड्यांची वही एकीकडे होती आणि पोरांची खोकल्याची तक्रार दुसरीकडे, तोंडी. दोन्ही एका पानावर असतं तर 7 पीपीएमला कोणी महिनाभर खोकत नाही हे आम्हाला जानेवारीतच दिसलं असतं.